सुजाताताईचं क्रियापद

भीमरावदादाचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात रिक्षासाठी उभी होते. "सुजाता गेली," तो म्हणाला. हार्टफेल... सकाळी उठलीच नाही. गाडीघोड्याच्या गोंगाटातही मला तो शब्द स्वच्छ ऐकू आला. गेली! दादानं आपल्या या बहिणीसाठी बाईमाणसाचं क्रियापद वापरलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सुजाताताई माझी आतेबहीण, सोयगावची. जन्मली तेव्हा घरानं तिला मुलगा म्हटलं आणि मुलाचं नाव ठेवलं. ते तिनं सोडलं, म्हणून मीही ते लिहिणार नाही. विशीच्या आत तिनं गाव सोडलं, शिवण शिकली, चिकलठाण्यात ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. लोकांनी तिला नाना नावं ठेवली. त्यावर ती टेप गळ्यात अडकवून म्हणायची, "शब्द लई हायेत गं. तृतीयपंथी म्हणतेत, किन्नर म्हणतेत. तिसरी मी, तर पयला कोण न् दुसरा कोण, हे मोजलं कुणी? आता कॉलेजची पोरं पारलिंगी म्हणतेत, ते बरं वाटतं. पर तू नुस्तं ताई म्हण, भागतंय."

त्याच पोरांनी एकदा मोर्चासाठी तिच्याकडून झेंडा शिवून घेतला. कडेला फिकट निळे पट्टे, त्यांच्या आत गुलाबी, मधोमध पांढरा. निळा मुलांचा, गुलाबी मुलींचा आणि पांढरा एकीकडून दुसरीकडं जायच्या वाटेवर असलेल्यांचा, दोन्हींत न बसणाऱ्यांचाही, असं त्यांनी समजावलं. शिवून झाल्यावर तिनं तो फिरवून पाहिला आणि खूश झाली. "याला उलटं-सुलटं नायच की! कसाबी धरा, सरळच." मोर्चात ती सगळ्यांत पुढं चालली.

दोन वर्षांपूर्वी आत्याला इथल्या दवाखान्यात आणलं. बायकांच्या वॉर्डाच्या दारात रखवालदारानं ताईला अडवलं. "मुलगी आहे मी त्यांची," ती म्हणाली. त्यानं दादाकडं पाहिलं. दादा खाली बघत पुटपुटला, "आमच्या घरचं माणूस हाय." नंतर ताई हसून मला म्हणाली, "नपुंसकलिंगी का होईना, घरात तर घेतलं!" हसली खरी... पण डोळे पुसत होती.

आत्या बरी झाली, ती परत गावी गेलीच नाही. ताईजवळच राहिली. दादा दर महिन्याला येऊ लागला. आधी दुकानाच्या पायरीवर बसायचा, मग आत जेवायला बसू लागला. ताई गेल्यावर पुण्यानुमोदनाची पत्रिका त्यानंच छापून घेतली : कालकथित सुजाता. एक चुलते चिडले, "गावात काय सांगायचं?"

"माझी बहीण व्हती म्हणून सांगा," दादा म्हणाला. "नसंल जमत, तर मी येऊन सांगतो."

परवा दुकानात गेले. आत्या मापाची वही घेऊन बसली होती. शेवटच्या पानावर ताईचं अक्षर : 'आई. दंड सैल ठेवणे.' दवाखान्यात सलाइनची सुई टोचलेला आत्याचा हात अजून दुखतो म्हणून. मशीनवर ते ब्लाउज तसंच पडलं होतं, एक बाही लावायची राहिलेली. मला जमेल तशी मी ती लावली. आत्यानं ते अंगात घातलं, हात वर नेला, खाली आणला.

"बरोबर बसलं," ती म्हणाली.