थावरीचं बियाणं

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ओळखीच्या एखाद्या माणसावर लिहा, असं अंकाचं काम पाहणारे आनंदराव तीनदा म्हणाले. नोकरीतले तपासणीचे रिपोर्ट सोडले तर मी कधी काही लिहिलेलं नाही. पण लिहायचंच तर माझ्या धाकट्या बहिणीवर, प्रतिमावर लिहावं. तिचं काम मी जवळून पाहिलं आहे, आणि मधेच ते कोणी बिघडवलं तेही मलाच नीट माहीत आहे.

प्रतिमा एकतीस वर्षं झाबुआ जिल्ह्यात सरकारी नर्स होती. लग्न केलं नाही. आधी पायी, मग सायकलवर, शेवटी स्कूटीवर ती भिल्लांच्या वस्त्यांवर बाळंतपणं करत फिरली. चार वर्षांपूर्वी रिटायर झाली तेव्हा थावरी नावाच्या बाईनं तिला चार कडकनाथ कोंबड्या आणि एक कोंबडा दिला. थावरीची तिन्ही मुलं प्रतिमाच्या हातावर जन्मलेली. कडकनाथ म्हणजे आरपार काळा पक्षी. पिसं, तुरा, पाय, जीभ, आतलं मांससुद्धा काळं. थावरीच्या सासरी हे बीज तीन पिढ्या जपलेलं. बाहेरचा कोंबडा त्यांनी अंगणात येऊ दिला नव्हता.

टोपली मांडीवर घेऊन प्रतिमा रेल्वेनं जबलपूरला आली आणि रांझीच्या आमच्या घरामागच्या अंगणात तिनं खुराडं बांधून घेतलं. शेजारचा श्रीकांत भिंतीवरून म्हणाला, "दीदी, हे कावळे अंडी पण देतात काय?"

"देतात ना. पण आधी तुझा तो लाल कोंबडा आवर. भिंत ओलांडून येऊन राहिला."

त्या उन्हाळ्यात तो लाल कोंबडा दोन-चारदा येऊन गेला. आम्ही हाकलला आणि विसरलो.

कडकनाथ कोंबडी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून मी थर्मोकोलची, बल्ब लावलेली पेटी केली. पेटीत तीस अंडी मावत. अंडी त्याहून जास्त जमत, तेव्हा निवड आलीच. मी चौतीस वर्षं गन कॅरेज फॅक्टरीत एक्झामिनर होतो. मापात बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट, एवढंच मला येतं. सागवानी फळीला भोक पाडलं. भोकात अडकेल ते मोठं अंडं पेटीत, खाली पडेल ते लहान अंडं आमलेटला. मोठ्या अंड्यातून तगडं पिल्लू येतं, असा माझा हिशोब. प्रतिमानं मान डोलावली. दादाच्या हाताखाली माल चुकत नाही, असं ती लोकांना सांगायची.

मागच्या हिवाळ्यात थावरीच्या मुलाचा, बापूचा फोन आला. "दीदी, बीमारी में सब साफ हो गया. एक भी नहीं बचा. गाँव में और किसी के पास भी असली नहीं है. आपके पास हमारा बीज है ना?"

"है. पूरा है. माँ से बोलना, रोए नहीं," प्रतिमा म्हणाली.

फोन ठेवून ती तशीच अंगणात गेली आणि पेटीतून नुकत्याच निघालेल्या सव्वीस पिल्लांच्या चोची एकेक करून उघडून पाहू लागली. मग तिनं मला हाक मारली. एकोणीस पिल्लांच्या जिभा गुलाबी होत्या. काहींच्या पायांची बोटं पांढरी. अंगावरून सगळी काळीभोर, म्हणून आजवर कोणी तोंड उघडून पाहिलंच नव्हतं.

"दादा, मी तिला पूरा है म्हणून बसली रे."

मी पिल्लं एकेक करून पेटीत परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्रत्येक कोंबडीच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि खुराड्यासमोर स्टूल टाकून बसली. कोण कुठलं अंडं घालतं ते पाहायला. नऊ दिवस बसली. जेवण मी तिथंच नेऊन देत होतो. दहाव्या दिवशी म्हणाली, "तुझी फळी आण."

थावरीच्या चार कोंबड्यांपैकी तीन अजून होत्या. त्यांची अंडी तिनं एकेक करून भोकावर ठेवली. सगळी खाली पडली. लाल कोंबड्याच्या लेकीनातींची अंडी मात्र झोकात अडकली. कडकनाथचं अंडं असतंच लहान. तीन वर्षं मी असली बीज तव्यावर टाकत होतो आणि मिसळ झालेलं पास करत होतो.

मी फळी तोडायला घेतली. तिनं हातातून काढून घेतली. "काहून तोडतो? उलटी वापरू. पडलं ते पास."

तीन म्हाताऱ्या कोंबड्या आणि थावरीचा मूळ कोंबडा तिनं वेगळ्या जाळीत ठेवले. लगेच अंडी जमवू या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, आधीच्या नरांचा अंश कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतो, तेवढे दिवस थांबायचं. एकवीस दिवस थांबली. नंतर अंडी जमू लागली, पण म्हाताऱ्या कोंबड्या त्या, दिवसाआड एखादी घालणार. जुनं झालेलं अंडं उबत नाही. बारा दिवसांत चौदा अंडी मिळाली. या वेळी तिला बल्बवर विसंबायचं नव्हतं. जवळच्या पनागरहून भाजीच्या टेम्पोतून तिनं एक खुडूक, अंड्यांवर बसायला आलेली गावठी कोंबडी आणवली आणि चौदाही अंडी तिच्याखाली ठेवली.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत अकरा पिल्लं निघाली. प्रतिमानं पहिलं पिल्लू माझ्या हातात दिलं.

"तू पाह्य. एक्झामिनर तू आहेस."

चोच उघडली. जीभ काळी. दुसरं, काळी. अकराव्यापर्यंत मी मोजत गेलो आणि शेवटी चष्मा काढून ठेवावा लागला. प्रतिमा मात्र नाचायचीच बाकी होती. त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले. काय झालं असं कोणी विचारलं तर म्हणायची, "अकरा झाले! सगळे सुखरूप."

जुलैत थावरी स्वतः आली. इंदूरच्या गाडीनं, बापूला घेऊन. चहा घेण्याआधी तिनं पक्षी मागितले. प्रत्येकाची चोच उघडली, पंखाखाली फुंकर मारून कातडी पाहिली, बोटं मोजली. एका तलंगेला, अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबडीला, तिनं फार वेळ धरून ठेवलं. प्रतिमाचा पदर तिच्याच मुठीत चुरगळला होता. तेवढ्यात त्या कोंबडीनं थावरीच्या अंगठ्यावर जोरात चोच मारली.

थावरी खो-खो हसली. "ये तो मेरी सास है! वैसे ही काटती है." मग गंभीर होऊन प्रतिमाकडे वळली. "दीदी, बीज सही है. पूरा है."

तिनं दोन कोंबडे आणि पाच कोंबड्या नेल्या. चार आमच्याकडे राहिल्या.

गेल्या आठवड्यात बापूचा फोन आला. सातांचे एकोणतीस झाले आहेत, आणि आजूबाजूच्या तीन वस्त्यांतल्या बायका थावरीकडे अंडी मागायला येऊन राहिल्या आहेत. थावरी प्रत्येकीकडून आधी वचन घेते की बाहेरचा कोंबडा अंगणात येऊ देणार नाही. प्रतिमा फोनवर बोलत होती तेव्हा मी आत भाजी चिरत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"दादा," ती म्हणाली, "तीन वस्त्या."