इजिप्तचे आजोबा

आमच्या बैठकीच्या खोलीत आजोबांचा मोठा फोटो आहे आणि तो इजिप्तमधल्या एका दगडी पुतळ्याचा आहे.

त्याचं असं झालं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहू लागले होते आणि त्यातल्या एकाच्या ऑफिसात मी हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे साहेबांच्या मनात आलं तर कायम, नाहीतर घरी बैल राखायला! आमचे साहेब विलायतेहून बोटीनं परतताना वाटेत इजिप्त पाहून आले होते. तिथल्या देवळातल्या एका राजाच्या पुतळ्याचा फोटो त्यांनी आणला होता आणि त्यावर त्यांचा भारी जीव. राजा पाखरं कोरलेल्या सिंहासनावर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोक्यावरून खांद्यापर्यंत फडकं, अंग उघडं, नाक तुटलेलं. साहेबांना तो चौकटीत बसवून हवा होता. मी आणतो करून, असं मी म्हणालो. (मला कोणी विचारलं नव्हतं. पण कायम व्हायचं होतं ना!)

चिंचवडात मुकुंदराव नावाचे फोटोग्राफर होते. फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवून मी रुबाबात सांगितलं, की मोठ्या माणसाचा आहे, काही कमी पडता कामा नये. मुकुंदरावांनी फोटो बराच वेळ निरखला, गंभीरपणे मान हलवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण कलावंत माणूस, असेल सवय, असं म्हणून मी निघालो.

आता एक सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे माणसाचा पहिला फोटो बहुधा तो गेल्यावर निघायचा. जिवंतपणी कोण खर्च करतो! गेलेल्या माणसाला खुर्चीत टेकवून बसवायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि मुकुंदरावांना बोलवायचं. पुढचं सगळं ते ब्रशानं करीत. मिटलेले डोळे उघडीत, उघड्या अंगावर कोट चढवीत, कपाळी गंध लावीत. साहेबांच्या राजालाही त्यांनी नेहमीचंच गिऱ्हाईक समजून कामाला हात घातला.

तयार फोटो त्यांनी परस्पर आमच्या घरी पोचवला. मी संध्याकाळी कामावरून येतो तो काय! राजाला भरघोस मिशा फुटलेल्या, नाक सरळ झालेलं, फडक्याचं पागोटं, अंगात काळा कोट, खाली पांढरं धोतर आणि गाल चक्क गुलाबी. नोकरी गेली म्हणून समजा!

पण माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती, कारण चऱ्होलीची आत्या फोटोपुढे बसून रडत होती. आमच्या आजोबांचा एकही फोटो नव्हता. नोकरीवाल्या भाच्यानं तो कुठून तरी पैदा केला, अशी आत्याची समजूत. वडिलांनाही ओळख पटली. (पटणारच. मुकुंदरावांच्या हाताखालून गेलेले सगळे आजोबा एकसारखेच दिसत.) मी धीर करून म्हणालो, "आत्या, हे आपले आजोबा नव्हेत."

"गप ऱ्हा. तू पाळण्यात व्हतास तवा," आत्या म्हणाली. "माझा बाप मला ठावा न्हाई व्हय?"

मी सिंहासनावर कोरलेली पाखरं दाखवली. आत्या आणखीच रडू लागली. आजोबांना कबुतरांचा नाद होता म्हणे.

हां हां म्हणता सगळी भावकी दर्शन घेऊन गेली. फोटोला हार पडला. एकदा मी तो हळूच खिळ्यावरून काढायला गेलो, तर वडिलांनी विचारलं, माझ्या बापाला कुठं घेऊन चाललास? मी फोटो परत खिळ्याला अडकवला. तिकडे साहेब रोज चौकशी करीत आणि मी म्हणे, फोटो घरी आणून ठेवलाय, पण चौकटीला काच मिळत नाही. आधी ती चिंचवडात मिळेना, मग पुण्यात मिळेना, शेवटी मुंबईतसुद्धा मिळेना. तेव्हा साहेब म्हणाले, चला, मीच बघतो, आणि त्यांची जीप थेट आमच्या दारात आली.

साहेब आत आले आणि हार घातलेल्या फोटोपुढे उभे राहिले. त्यांची नजर मिशांवरून कोटावर आली, कोटावरून पाखरांवर आली आणि तिथंच थांबली. एवढ्यात आत्यानं त्यांच्या हातावर लाडू ठेवला. ह्यो माझा बाप, याचं तोंड पुन्यांदा बघायला जीव तुटत होता, ते माझ्या भाच्यानं दाखवलं, असं सगळं तिनं डोळे पुसत सांगितलं. साहेबांनी लाडवाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग बूट काढले आणि इजिप्तच्या राजाला वाकून नमस्कार केला. खरं सांगतो, त्या वेळी मला साहेबांचेच पाय धरावेसे वाटले.

पण आत्याचं समाधान तेवढ्यावर होईना. तिनं मला दंडाला धरून फोटोखाली उभं केलं.

"बगा की सायेब. समद्या नातवंडांत ह्योच त्येंच्यावर गेलाय."

साहेबांनी फोटो नीट पाहिला. मग मला नीट पाहिलं.

"खरं आहे, आत्याबाई," ते म्हणाले. "ऑफिसातसुद्धा हा दिवसभर अगदी असाच बसून असतो."

पुढे मी कायम झालो. पण त्या दिवसापासून साहेबांच्या बुटांचा आवाज आला, की मी आधी गुडघ्यांवरचे हात काढायचो.