जुनं शिसं

संस्थेत सगळे तिला शिसेबाई म्हणत, आणि ते तिच्या कानावर येत नाही असा सगळ्यांचा गोड गैरसमज होता. तळघरातल्या खोलीत तिने शिशाच्या विटांची कोठी रचली होती आणि आत स्वतःच्या हाताने बनवलेली तांब्याची नळी ठेवली होती. नळीतून किरण गेला की टिक् असा आवाज व्हायचा. तिला हवा असलेला किरण फार क्वचित यायचा. बाकीच्या फालतू किरणांना अडवायला हे शिसं. पण कोठी कितीही जाड केली तरी टिकटिक थांबेना. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली.

मग एकदा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. राखणदारच चोर होता! नवं शिसं स्वतःच किरण सोडतं. शंभरेक वर्षं पडून राहिलं की गप्प होतं.

तिचा थोरला भाऊ जुनी घरं पाडायची कंत्राटं घ्यायचा. त्या घरांतले पाइप शिशाचे असत. ती त्याच्या मागे लागली.

"बहिणी भावाकडे दागिने मागतात," दादा बायकोला म्हणाला, "आमचं हे रत्न मोरीचे पाइप मागतंय."

पण आणून दिले. तिने ते वितळवून, हात पोळून घेत विटा ओतल्या. काळ्या, ओबडधोबड. नळी जवळजवळ मुकी झाली. आता टिक् झालं की ती खुर्चीतून उठून उभी राहायची.

हे गुपित तिने कोणालाही सांगितलं नाही. नळी बनवली होती तिने, पण नळीवरच्या शोधनिबंधावर नाव लागलं एकट्या साहेबांचं, संस्थेच्या प्रमुखांचं; तिच्या वाट्याला तळाशी आभाराची एक ओळ. शिशाचं कळलं असतं तर साहेबांनी तेही पचवलं असतं. विटांबद्दल कोणी विचारलं की ती म्हणायची, "स्वस्तात मिळाल्या."

किरणाच्या खुणा दिसू लागल्या होत्या. अजून थोडी मोजणी, मग निबंध, आणि त्यावर फक्त तिचं नाव. तेवढ्यात आईने अंथरूण धरलं. इतकी वर्षं "कामातून सवड नाही" म्हणणारी ती या वेळी मात्र गेली आणि आईच्या शेवटापर्यंत थांबली.

परतली तर तळघरातली कोठी लखलखत होती. सगळ्या विटा नव्या कोऱ्या. नळी अखंड टिकटिकत होती.

साहेब मागोमाग आले. "मोठे पाहुणे यायचे होते, बाई. म्हटलं, तुमच्या त्या स्वस्तातल्या विटा बघून आपली अब्रू जायची. तुम्ही दुःखात, म्हणून मीच लक्ष घातलं."

"जुन्या कुठे आहेत?"

"भंगारात दिल्या. काही खास होतं का त्यांच्यात?"

सांगितलं तर गुपितही जाणार होतं. विटा तर गेल्याच होत्या. "नाही, काही नाही," ती म्हणाली आणि तशीच भंगारवाल्याकडे धावली. त्याने सगळं नव्या शिशात मिसळून ओतून टाकलं होतं.

"शिसं ते शिसं, ताई," तो म्हणाला.

दादाने पुन्हा पाइप जमवायला घेतले. ते पुरेसे होण्याआधीच दुसऱ्या देशातल्या लोकांनी तो किरण गाठला, आणि जुन्या शिशाची युक्ती निबंधाच्या पहिल्याच पानावर उघड लिहून टाकली. बैठकीत साहेब म्हणाले, "हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही." समोरचा पाण्याचा जग त्यांच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं खरं होतं.

निवृत्तीच्या दिवशी संस्थेने तिला भेट दिली: नव्या शिशाची वीट, चकचकीत, वर तिचं नाव कोरलेलं. टाळ्या झाल्या. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती वीट घरात दाराशी ठेवली गेली.

"हीपण टिकटिकते का गं?" दादाने एकदा विचारलं.

"टिकटिकते. शंभर वर्षांनी गप्प होईल."

"मग जपून ठेव. तुझ्या नावाची वीट तेव्हा कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

"वितळवताना नाव आधी जाईल," ती म्हणाली आणि पायाने वीट सरकवून तिने दार लावून घेतलं.