पिराजी चौगुल्याची गिटार ऐकू येते

वडणग्याच्या पिराजी चौगुल्याला गाव दोन कारणांनी ओळखतं. एक म्हणजे शेतातली पाण्याची मोटर बंद पडली की तो येतो आणि शिव्या देत देत ती चालू करून जातो. दुसरं म्हणजे तो गिटार वाजवतो. उसाच्या आणि म्हशींच्या गावात माणसानं हलगी वाजवावी, फार तर बेंजो पार्टीत जावं. हे इलेक्ट्रिक गिटारीचं खूळ ह्याच्या डोक्यात कुठून शिरलं, ते घरात कुणालाच कळलं नाही. विशीत शिरलं ते पन्नाशी उलटली तरी निघालेलं नाही. सकाळी म्हशींच्या धारा, दुपारी कुणाची तरी मोटर आणि लग्नसराईत संध्याकाळी काळा शर्ट घालून ऑर्केस्ट्रात, असा त्याचा दिवस. शर्टाला गोठ्याचा वास येतो म्हणून एकदा एक गायिका नाक मुरडत होती. "चहात दूध घालताना येत न्हाय न्हवं वास?" असं विचारून ह्यानं तिचं तोंड बंद केलं.

ऑर्केस्ट्रा सम्राटचा. तो गातो, निवेदन करतो आणि सुपाऱ्याही तोच घेतो. ऑर्केस्ट्रा काढला त्याच्या वडिलांनी, आणि पिराजी त्यांच्या वेळेपासूनचा. त्यामुळे सम्राट त्याला काका म्हणतो आणि काकांना कुणी नाव ठेवलेलं खपवून घेत नाही. हा मानच पुढे पिराजीला महागात पडला.

झालं असं, की चंदगडला एका लग्नात वाजवून आल्यावर त्याच्या मेहुण्यानं कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवर पाठवला. पिराजी कौतुकानं बघायला बसला. पडद्यावर तो मान हलवून, डोळे मिटून झकास वाजवत होता. फक्त गिटारीचा आवाज येत नव्हता. ढोलक होता, कीबोर्ड होता, सम्राटचा गळा होता. मोबाइल कानाला लावला, तरी गिटारीचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोहितला गाठलं. मोहित ऑर्केस्ट्राचा साउंडवाला. कुणाचा आवाज किती ठेवायचा ते त्याच्या बोटांत. आधी तो इकडचं तिकडचं बोलला, मग खाली बघून म्हणाला, "काका, रागवू नगासा. तुमची गिटार वर घेतली की मधमाश्या उठल्यागत घूं घूं करतीया. स्टेजच्या लाइटी लागल्या, जनरेटर चालू झाला की मग तर इचारूच नगा. म्हणून खालीच ठेवतोय."

"कवापासनं?"

"गेल्या गणपतीत ह्या नव्या लाइटी आल्या, तवापासनं."

"सम्राटला म्हाईत हाय?"

मोहित वायरी गुंडाळायला लागला. म्हणजे माहीत होतं. वर्षभर पिराजी गावोगाव वाजवत होता, आणि त्याचं वाजवणं त्याच्या पायापाशी ठेवलेल्या डबड्या स्पीकरापलीकडे जात नव्हतं. काकांना दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला शोभेला उभा केला होता. तोंडावर हाकललं असतं तर पिराजी चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. ह्याला काय करणार? त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. बायको विमलानं विचारलं, तर म्हशीचं दूध आटलंय म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्यातला मोटरवाला जागा झाला. घूं घूं होतंय म्हणजे कारण असणार, आणि कारण असलं की इलाज असणार. गिटारीच्या तारांखाली दोन पिकअप असतात. चुंबकाभोवती केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली असते, आणि वरची तार थरथरली की ते थरथरणं ही गुंडाळी उचलून स्पीकरकडे धाडते. पिराजीच्या भाषेत सांगायचं तर वायंडिंगच. जुन्या पिकअपात ते एकेरी असतं, म्हणून शेजारच्या दिव्यांची, जनरेटरची घरघरही ते उचलतं. नव्या प्रकारात दोन वायंडिंगं एकमेकांच्या उलट बसवतात, म्हणजे घरघर आपसात मरते आणि नुसता सूर उरतो. हे सगळं त्यानं एका हिंदी व्हिडिओत बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

जोडी एका कंपनीची मिळाली नाही. एक पिकअप कोल्हापुरातल्या दुकानात मिळाला, दुसरा पुण्याच्या भाच्याकडून मागवला, तो निराळ्याच कंपनीचा. मुरगूडला एका रिसेप्शनचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. पिराजीनं सोप्यात पोतं अंथरलं, गिटार उताणी घातली आणि सोल्डरगन तापवली.

जुने पिकअप काढताना एकाची बारीक तार आतूनच तुटली. म्हणजे परतीची वाट बंद. तरी पिराजीचे हात थांबले नाहीत. मोटरच्या स्टार्टरवर त्याचा एकच नियम: रंगाला रंग. तांबड्याला तांबडी, पिवळ्याला पिवळी, निळ्याला निळी. त्याच नियमानं त्यानं दोन्ही पिकअपांच्या तांबड्या वायरी एकीकडे आणि काळ्या एकीकडे नेल्या, डाग दिले, झाकण बसवलं.

"अगं, मिक्सर लाव जरा," त्यानं आत हाक मारली.

"कशाला? वाटायचं काय न्हाय."

"नुसता लाव की."

नुसता मिक्सर फिरवणं विमलाच्या बुद्धीला पटेना, म्हणून तिनं सुकं खोबरं टाकलं आणि लावला. एरवी घरात मिक्सर लागला की गिटार भुंकायला लागायची. आज गप्प. ट्यूब लावली, पंखा लावला, गप्प. पिराजीला इतकं बरं वाटलं, की गिटार मांडीवर ठेवून तो नुसता शांतता ऐकत बसला.

मग वाजवायला घेतली. वरचा पिकअप छान, खालचा छान. बटण मधे आणलं, म्हणजे दोन्ही एकदम, आणि आवाज एकदम बसला. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा किरटा, पोट नसलेला. पिराजीचा सगळा हात ह्या मधल्या आवाजावर बसलेला. गाण्यामागे तो जे काही वाजवायचा, ते ह्याच बटणावर. वायरी हलवून बघितल्या, डाग पुन्हा दिले, काही फरक नाही. दोन्ही पिकअप एकेकटे शहाणे आणि एकत्र आले की कुपोषित. मुरगूड परवावर. घूं घूं गेली, पण आता वर घेण्यासारखा आवाजच उरला नाही, आणि जुनाही परत मिळणार नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर मोहितचं बोट आलं, खाली सरकणारं.

विमला खोबरं डब्यात भरत होती. तिचं माहेर मळ्यातलं, जन्म पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यात गेलेला. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अवं, असं काय वाजायलंय? डीपीवर वायरमननं वायरी इकडच्या तिकडं केल्या की मोटर उलटी फिरती बगा, तशी बारीक धार पडायलीया."

पिराजीचा हात तारेवरच थांबला.

मोटर उलटी फिरली तरी पाणी येतं. पण धार बारीक. तिथं कुणी मोटर खोलत नाही, नवी आणत नाही. तो स्वतः जातो, शिवी देतो, दोन वायरी अदलाबदल करतो आणि निघून येतो. वेगळ्या कंपनीचा पिकअप. त्यांचा तांबडा ह्यांचा काळा असू शकतो. एक सूर पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय. रंगाला रंग हा नियम स्टार्टरपुरता खरा होता, आणि ह्या गाढवानं तो गिटारीला लावला होता. त्यानं स्वतःला मोठ्यानं गाढव म्हणून घेतलं. विमलाला वाटलं, आपल्यालाच.

भाच्याच्या पिकअपच्या दोन वायरी त्यानं उलट केल्या. बटण मधे आणलं आणि एक साधा आघात केला. भरलेला, गोल, सोप्याच्या भिंतीपर्यंत जाणारा आवाज आला. पिराजीचे खांदे, जे चंदगडच्या व्हिडिओपासून वर चढून बसले होते, ते खाली आले. मग त्यानं विमलाला हाक मारून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, मोहितचं, सम्राटचं, वर्षभराचं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि मी आटलेल्या म्हशीला पेंड घालत बसले."

मुरगूडला मांडवात लायटींचा लखलखाट होता, जनरेटर धडधडत होता. पिराजी मोहितच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "आज वर घे. घूं घूं झाली तर माझ्या समोर खाली कर." मोहितनं भीत भीत गिटारीच्या आवाजाची पट्टी वर सरकवली. कान टवकारले. काहीच नाही. आणखी वर सरकवली. नुसती शांतता, आणि मग पिराजीनं तार छेडली तेव्हा फक्त तार.

पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्या गाण्यात मधली जागा पिराजीनं एकट्यानं वाजवायची असायची. इतके दिवस कीबोर्डवाला त्याच्या जोडीनं वाजवून ती जागा भरून काढायचा. आज मोहितच्या खुणेवरून तो थांबला. मोठ्या स्पीकरातून स्वतःचा आवाज ऐकून पिराजी इतका हरखला, की त्याचं बोट एक घर पुढे पडलं. चुकीचा सूर, तोही ठसठशीत. सम्राटनं वळून बघितलं. ढोलकवाल्यानं बघितलं. खुर्चीतला एक पाहुणा वाटीतल्या रसमलाईवरून मान वर करून बघायला लागला. पिराजीनं पुढची जागा नीट घेतली, पण गाणं संपेपर्यंत तो हसत होता.

मध्यंतरात सम्राट जवळ आला. बोलावं की नाही असं त्याचं चाललं होतं.

"काका, तिथं चुकलासा."

"व्हय, चुकलो की."

"न्हाय, म्हंजे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं."

"गेलं न्हवं?" पिराजी म्हणाला. "पार मागंपर्यंत?"

सम्राट काही तरी उत्तर देणार होता, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून, त्यांना वर्षभराचं सगळं कळलंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याची मान खाली गेली. त्यानं काकांच्या हातात स्वतःचा चहा दिला आणि दुसरा आणायला गेला.