दुसऱ्या दिवसाचा फोन

रंभाबाई माझ्या दवाखान्यात झाडलोट करायला आल्या आणि सहा महिन्यांत त्यांनी मला माझाच धंदा शिकवला. मी फिजिओथेरपिस्ट. मुळशीतल्या भरे गावात बसते. आखडलेल्या स्नायूत बारीक सुया टोचून तो सैल करते. ड्राय नीडलिंग म्हणतात त्याला. गुण यायला चार-पाच खेपा लागतात. पेशंट मात्र एकदा यायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणायचे.

माले गावच्या तुळजाबाई अशाच गेल्या. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. अंबाडा सून घालायची, आणि त्याचंच त्यांना मरणाचं दुःख. पहिल्या खेपेला हात जरा हलला होता. दुसऱ्या खेपेला बाई आल्याच नाहीत.

का आल्या नाहीत ते विचारायला रंभाबाई रविवारी एसटीनं मालेला जाऊन आल्या, त्या फणफणतच.

"म्याडम, सुईत अवषदच नव्हतं, रिकामीच टोचली म्हनत्यात त्या. आन दुसऱ्या दिशी हात लई ठणकला. त्यास्नी वाटलं, हात पार बिघडला. ठणकंल म्हून तुमी सांगितलं व्हतं का?"

माझे कान शरमेनं तापले. "घाबरतील म्हणून नाही सांगितलं."

"मंग आता पळाल्या त्या!" असं म्हणून रंभाबाई सरळ टेबलावर पालथ्या पडल्या. "माझा बी खांदा धरलाय. टोचा."

दुसऱ्या दिवशी खांदा चोळत त्यांनी तुळजाबाईंना फोन लावला. "आक्का, माझा बी ठणकतुया. दोन दिसांत थांबतंय म्हनं. सुईत अवषद नसतंयच, ती नुसती गाठ सोडवती. शुक्रवारी या, दोघी संगं टोचून घिऊ."

तुळजाबाई आल्या. तेव्हापासून सुया टोचलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाईंचा फोन जातो. मीही आता ठणक्याचं आधीच सांगते. बाहेरचं बाकडं पुरेनासं झालंय, आणि मला रंभाबाईंचा भयंकर अभिमान वाटतो.

पाचव्या खेपेला तुळजाबाई दारातच आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अंबाडा एका बाजूला कलला होता, आकडे अर्धे बाहेर.

"सुनंला आज हात लावू दिला न्हाई!"

मला रडूच आलं. रंभाबाई अंबाडा सरळ करायला पुढे झाल्या, तर तुळजाबाईंनी डोक्यामागे हात नेऊन त्यांचा हात झटकला. उजव्या हातानं.