परक्या ओट्यावर बसलेली आई

वहिनी, मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी वैनगंगेच्या काठावर आई तुमचा हात धरून उभी होती. तुमच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. माझ्या बॅगा डोंग्यात चढल्या, पलीकडच्या काठावरून नागपूरची एसटी मिळायची. डोंगा सुटला तशी आई ओरडली, "पोचली की फोन करजो!" मी रडत होते, पण खरं सांगू? त्यातलं निम्मं रडू त्या धरलेल्या हाताचं होतं.

अठरा वर्षं झाली. फोनवर तुम्ही म्हणता, "मजा आहे बुवा तुमची." इकडे माझा जळफळाट होतो, कारण आईचा कुठला गुडघा दुखतो हे मला तुमच्याकडून कळतं. म्हणून या वेळी ती इकडे बॉथेलला माझ्या घरी आली तेव्हाच ठरवलं होतं, आता परत पाठवायची नाही. मी सिटिझन झालेच होते, तिच्या ग्रीन कार्डचे फॉर्मही भरून ठेवले.

तिला खूश करायला स्प्रिंग ब्रेकमध्ये पेरूला नेलं. नदी दिसली की खुलेल, असा माझा हिशेब. तीन दिवस ॲमेझॉनमधून बोटीने चाललो होतो. दोन्हीकडे गच्च जंगल, मधूनच लाकडी खांबांवर उभी दहा-बारा घरं, की पुन्हा जंगल. आई डेकवर गप्प बसून, घरी सोफ्यावर बसते तशीच.

तिसऱ्या दिवशी बोट एका गावाला केळी चढवायला थांबली. एक बाई घराच्या ओट्यावर मासे साफ करत होती. आई सरळ पायऱ्या चढली, तिच्याशेजारी मांडी घातली, पडलेली दुसरी सुरी उचलली आणि खवले काढायला लागली. बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली, आईने आपल्या बोलीत उत्तर दिलं, आणि दोघी खदाखदा हसल्या.

"लुक मॉम, आजी इज लाफिंग!" माझी रेवा ओरडली.

त्या बाईचा मला असा राग आला! बिचारीने काय केलं होतं? काही नाही. चार महिने मी आईला विहारात नेलं, मॉलमध्ये फिरवलं, रजा काढल्या, आणि आईचं हसू मिळालं त्या बाईला.

बोट सुटल्यावर विचारलंच, "आई, माझ्याकडे करमत नाही का तुला?"

"तुह्या घरी काय कमी आहे, बाई," ती म्हणाली. "पण पाण्याचा ग्लास घ्याचा म्हटलं तरी मले वाटते, आधी विचारा लागन."

घर कशाला म्हणायचं, हे मला इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. माझं घर आता बॉथेलला आहे, त्यात खोटं काही नाही. रेवा तिथे कुणाला न विचारता फ्रीज उघडते. पण ते आईचं नाही.

फॉर्म मी पाठवले नाहीत. आई शनिवारी तुमच्याकडे पोचेल. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरेल, डबे हलवेल, तुमच्या डोक्याशी कटकट करेल. करू द्या. फक्त ती खळखळून हसली, तर लगेच मला व्हिडिओ कॉल लावू नका, वहिनी. थोडे दिवस जाऊ द्या.