भिंतीआड गेलेली पायवाट

शेजारी प्लास्टर चाललंय. ओल्या सिमेंटचा वास आला आणि नवागामची ती सकाळ आठवली.

रुळांपलीकडच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याकडे जाणारी आमची पायवाट नव्या रेल्वे लाईनसाठी भिंत घालून बंद करत होते. भिंतीत उरलेल्या मोकळ्या जागेत आई जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली.

"पयले पूल बांधा, मंग भिंत," ती म्हणाली.

"मासी, पुल बनेगा ना. तब तक फाटक से जाओ," रेल्वेचे साहेब हसून म्हणाले.

मला ते खरं वाटलं. महिला पोलिसांनी आईला उचलून बाजूला केलं. दुपारपर्यंत भिंत पुरी झाली. पुढे कित्येक वर्षं आई लांबच्या फाटकावरून पायी कामावर गेली.

गेल्या आठवड्यात पूल खुला झाला. आईला सांगितलं, तर गुडघे चोळत म्हणाली, "बरं झालं. आता चढंल कोन?"